शेवटच्या मजल्यावरचे साहेब

नाना, तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. तेरावा उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले, शेजाऱ्यांच्या सतरंज्या झटकून परत पोचवल्या आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी कामाचा लॅपटॉप उघडला. आम्ही बनवत असलेला नवा गेम सुरू केला आणि त्यात काही बिघडलंय का ते बघायला थेट सातव्या मजल्यावर गेले, तर तिथे तुम्ही. म्हणजे बसले होते साहेबच, टेबलामागे, चार फायली आणि एक घंटी पुढ्यात घेऊन. पण बोललात तुम्ही. "कोन हाय? आत या. दार लावून घ्या." मी कागदावर 'कोण आहे' असंच लिहून दिलं होतं. आवाज भरताना तुम्ही ते आपल्या शेवगावच्या वळणानं वाचलंत आणि मी ते तसंच राहू दिलं होतं. स्वयंपाकघरात आईंच्या हातून वाटी पडली. नितीन बाहेरच्या खोलीतून धावत आला आणि माझ्याकडे न बघता लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "बंद कर ते."

मी बंद केलं.

तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता. साहेबांना तुमचा आवाज ठेवायचा की काढून टाकायचा? तुमचा मुलगा म्हणत होता, काढ. पुण्याच्या ऑफिसातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, घरच्यांशी बोल आणि सोमवारपर्यंत सांग, त्यानंतर गेम लोकांच्या हातात जाईल. आज सोमवार. उत्तर सकाळीच पाठवून झालंय. ते तुम्हाला सांगायलाच बसलेय, पण सरळ मुद्द्यावर येईन तर मी तुमची सून कसली. तुम्हीही पेपरातली एक बातमी सांगायची तर पेपर आज किती वाजता आला तिथपासून सुरू करायचात.

लग्न होऊन मी भिंगारला आले तेव्हा घरी बसून नोकरी करणारी सून हे गल्लीतलं एक नवलच होतं. आई शेजारणींना सांगायच्या, "आमची सोनाली कंप्युटरवर राक्षस काढती." ऐकणाऱ्या बायकांना वाटलं, ही अंगात शिरलेलं बाहेर काढते. दोघी तर चक्क लिंबं घेऊन दारात आल्या होत्या, त्यातल्या एकीच्या जावेला म्हणे फार दिवसांचा त्रास होता. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि तुम्ही दोन दिवस हसत होतात.

काम तसं आईंनी सांगितलं तेच होतं. आमच्या कंपनीच्या गेममध्ये जे दुष्ट असतात ते दिसतात कसे, चालतात कसे, खेळणाऱ्याला कुठे गाठतात, किती फटक्यांत आडवे होतात, हे सगळं मी ठरवते. त्यातल्या मुख्य दुष्टाला आमच्या धंद्यात बॉस म्हणतात. हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तिथे घोटाळा झाला.

मी फोनवर टीमशी बोलत होते. बॉस काही केल्या मरत नाहीये, तीनदा मारला तरी उठून बसतोय, आता त्याला जिन्यात गाठू आणि या आठवड्यात निकालच लावू. फोन ठेवून वळले तर दारात तुम्ही, हातात भाजीची पिशवी आणि चेहरा पार उतरलेला. आत आलात, दार लोटलंत आणि अगदी हळू म्हणालात, "बाळा, साहेबाबद्दल असं बोलू न्हाई. लई तरास देत आसंल तर बदलीचा अर्ज कर. मी लिहून देतो." मला हसू आवरेना. तुम्हाला राग आला, कारण तुम्ही खरंच घाबरला होतात. मग मी तुम्हाला स्क्रीनवर तो बॉस दाखवला, दोन शिंगं, चार हात, तोंडातून धूर. तुम्ही चष्मा वर-खाली करून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलंत. "ह्यो साहेब?" एवढंच विचारलंत.

त्या दिवसापासून आपल्या घरात बॉस हा शब्द संपला. दुष्ट म्हणजे साहेब. मधल्या टप्प्यावर जे लहानसहान बॉस येतात ते डिप्टी साहेब. शेवटचा तो हेड हापिसचा साहेब. आई रोज जेवताना विचारायला लागल्या, "आज कोनता साहेब मारला?" मी सांगायचे, दुसऱ्या मजल्यावरचा. "मेला का पन?" मेला. "बरं झालं, भाकरी वाढ." पुण्याच्या मीटिंगमध्ये एकदा माझ्याही तोंडून निघून गेलं, साहेबांची शिंगं जरा आखूड करू या. सगळे हसले, आणि आता आमची सगळी टीम साहेबच म्हणते. आमच्या कंपनीत कुणालाही विचारा, हा शब्द कुठून आला ते कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

मग तुम्ही माझ्या खोलीत येऊन बसायला लागलात. सकाळी भाजी आणून झाली, पेपर वाचून झाला की स्टूल ओढायचं आणि माझ्या मागे बसायचं. खुर्ची दिली तर नको म्हणायचात. लष्कराच्या एका कचेरीत चौतीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला माणूस तुम्ही, तुम्हाला पाठ टेकली की झोप येते असं म्हणायचात. आणि मागे बसून माझ्या साहेबांना नावं ठेवायचात. मी आठ-आठ दिवस खपून एखादा राक्षस तयार करावा, त्याच्या डोळ्यांत अंगार भरावा, तो गडगडाट करून हसावा, आणि मागून आवाज यावा, "ह्याला कोन भिनार?"

मी चिडायचे. लोक घाबरतात, नाना, सगळ्या जगात घाबरतात. तुम्ही मान हलवायचात. हसणारा साहेब चांगला असतो, हे तुमचं म्हणणं. ओरडणारा त्याहून चांगला, ओरडला की मोकळा होतो आणि वर चहा पाजतो. खरा अवघड तो हळू बोलणारा. मान वर न करता बोलणारा. तुम्ही मला घंट्या समजावून सांगितल्या होत्या. एक लांब घंटी म्हणजे चहा आणा. दोन तुटक म्हणजे फाइल न्या. आणि अगदी हलकी, वाजली की भास झाला असं वाटायला लावणारी एक, ती वाजली म्हणजे आज कुणाचं तरी काही खरं नाही. ती घंटी ऐकून बाहेरच्या बाकावरचे लोक न सांगता उठून उभे राहायचे, असं तुम्ही सांगितलंत. मी ऐकलं, हं म्हटलं आणि राक्षसाचे दात वाढवायला घेतले.

पण शब्द डोक्यात राहिले. नवा गेम करायला घ्यायचा ठरला तेव्हा मी टीमला तुमची घंटी वाजवून दाखवली. गोष्ट अशी की कुणीतरी एक नदी अडवून ठेवली आहे, ती सोडवायला एक मुलगी हातात अर्ज घेऊन सात मजल्यांची कचेरी चढत जाते. प्रत्येक मजल्यावर एक साहेब. सातव्यावर काय असावं यावर महिनाभर चर्चा झाली होती, अजगर झाला, आगीचा गोळा झाला. मी म्हटलं, तिथे काहीच नसेल. रिकामा व्हरांडा, एक बाक आणि आतून एक हलकी घंटी. फोनवर मॅडम म्हणाल्या, अंगावर काटा आला गं, हे कुणी सुचवलं? मी म्हटलं, आमच्या घरी एक तज्ज्ञ आहेत. ते ऐकून तुम्ही दिवसभर शर्टाची वरची गुंडी लावून घरात फिरत होतात.

सातव्या मजल्यावरचे साहेब असे आपण दोघांनी मिळून घडवले. शिंगं नाहीत, दात नाहीत. टेबल, चष्मा, फायली. मुलगी अर्ज घेऊन टेबलापर्यंत पोचू नये म्हणून वरून शिक्के कोसळतात, फायली अंगावर येतात, लाल फिती पायात अडकतात. साहेब जागचे हलत नाहीत. शिक्के कोसळायच्या आधी ते फक्त चष्मा पुसतात. चष्मा पुसायला काढला की खेळणाऱ्यानं पळायचं, ही कल्पना तुमची, आणि या धंद्यात दहा वर्षं काढून मला ती सुचली नसती.

भांडण झालं ते शेवटावरून. मुलगी जिंकली की साहेबांचं काय करायचं? मी म्हटलं, मारायचं, गेम आहे. तुम्ही म्हणालात, साहेबाला मारायचं नाही. आपण तीन आठवडे भांडलो असू. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर नगरला जाताना भर बसमध्ये. मी म्हणत होते की इतकं छळणाऱ्या माणसाला मारायला मिळालं नाही तर खेळणारे मला शिव्या घालतील. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला. आई माझ्या बाजूच्या, "मारा की एकदाचा," म्हणायच्या. तुमचं एकच, "साहेब मरत न्हाईत. बदलून जात्यात. येक गेला की दुसरा येतो, मारून काय उपेग?"

शेवटी मीच नमले. मुलगी टेबलावर साहेबांच्या बदलीचा हुकूम ठेवते, साहेब तो वाचतात, टोपी घालून उठतात आणि नदी सुटते. पुण्यात हा शेवट सगळ्यांना इतका आवडला की मॅडमनी तुमच्यासाठी मिठाई पाठवली. पण बदली कुठे? तुम्ही म्हणालात, त्याच्या गावाकडे. मी म्हटलं, ही शिक्षा आहे की बक्षीस? तुम्ही म्हणालात, त्याच्याही गावाकडे कुणी असेल की वाट बघणारं. इथेही आपलं जमलं नाही. हुकमावर गावाच्या नावाची जागा अजून कोरी आहे, नाना, आणि ती तशीच जाणार आहे. खेळणाऱ्यांना वाटेल, काहीतरी विसरलंय.

आता आवाजाचं. खरं तर तो तात्पुरताच होता. पुण्यात एक नट येऊन नंतर नीट बोलणार होता, तोवर जागा भरायला म्हणून मी तुम्हाला कपाटापाशी बसवलं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून आईंच्या चार गोधड्या दारावर टांगल्या, पंखा बंद केला, कुकर लावायला बंदी केली. तुम्ही घामाघूम होऊन स्टुलाच्या टोकावर बसलात, कागद दोन्ही हातांत धरलात आणि जगातल्या सर्वात दुष्ट माणसाचं वाक्य म्हणालात, "उद्या येता का, साहेब?"

मी म्हटलं, नाना, साहेब तुम्ही आहात. ती मुलगी तुमच्यापुढे उभी आहे. तुम्ही व्हय व्हय म्हणालात आणि पुन्हा तेच, "उद्या आलं तर चालंल का?" सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी तुमच्या तोंडून अर्जदारच बोलायचा. आई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी नितीनची हात टेकायची खुर्ची आणली आणि तुम्हाला जबरदस्तीनं पाठ टेकून बसायला लावलं. तुम्ही दोन्ही हात खुर्चीवर ठेवलेत. मग चष्मा काढलात, शर्टाच्या टोकानं सावकाश पुसलात आणि मान वर न करता म्हणालात, "उद्या या."

मला कान झाकून घ्यावेसे वाटले. तो तुमचा आवाजच नव्हता. मी भारावून गेले, लगेच म्हटलं, नाना, कुठून काढलात हा? तुम्ही चष्मा लावलात आणि साधेपणानं सांगितलंत. तुमची आई शेवगावला आजारी होती. तुम्ही रजेचा अर्ज घेऊन आत गेलात. साहेबांनी चष्मा पुसला, उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी रजा मिळाली, तुम्ही मिळेल ती एसटी धरून गेलात आणि उशीर झाला होता. एवढं सांगून तुम्ही म्हणालात, "मी काडला न्हाई त्यो आवाज. त्यानं माझ्यात ठिवून दिल्याला हुता. आज घावला."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला राग आला होता, तुमच्या वतीनं आला होता, आणि तुम्ही त्या माणसाची बाजू घ्यायला लागलात. तो वाईट नव्हता म्हणालात. त्यालाही वरून कुणाची तरी घंटी यायची म्हणालात. मी म्हटलं, नाना, असल्या माणसाला गावाकडे पाठवायला निघालात तुम्ही? आणि मग ते वाक्य म्हटलं. "जन्मभर स्टुलावर बसलात ना, म्हणून तुम्हाला असं वाटतं."

तुम्ही गोधड्या उतरवून घड्या केल्यात आणि चहा मागितलात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून पुन्हा गोधड्या टांगल्यात आणि उरलेली वाक्यं बोलून टाकलीत, एका दमात, एकही न चुकता. "फोटो लावल्याला न्हाई." "ह्या टेबलाचं काम न्हाई हे." "सही हितं न्हाई, तिथं." वाटलं, झालं, विसरले. मी माफी मागितली नाही. रोज मनात यायचं, आज म्हणेन, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. तुम्ही गेल्यावर सगळ्यांदेखत मला रडू फुटलं ते त्या वाक्यासाठीही होतं. नाना, चुकलं माझं. तुम्ही स्टुलावर बसलात म्हणून तुम्हाला ते दिसलं जे मला दहा वर्षांत दिसलं नव्हतं, आणि माझं सगळ्यात चांगलं काम तुमच्या त्या स्टुलावरून झालं. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

तुमचा आवाज ऐकल्यावर पुण्यातल्या मंडळींनी नटाला कळवून टाकलं की येऊ नका. तुम्ही कशाकशाला हो म्हणालात ते तुम्हाला ठाऊक होतं, आवाज वापरायच्या परवानगीच्या कागदावर सही करताना "सही हितं न्हाई, तिथं" असं स्वतःलाच बजावून हसलाही होतात. आणि मग पंधरा दिवसांत हे असं.

नितीनचं चुकत होतं असं नाही. तुमचा मुलगा गेम खेळत नाही, तुम्हाला माहीतच आहे, त्याला मोबाईलवर लुडोसुद्धा जमत नाही. त्यानं माझ्यापुढे बसून सरळ विचारलं, "माझ्या बापाला दिवसभर कोणीही येऊन हरवणार?" मी म्हटलं, गेम आहे रे. तो म्हणाला, ते जाऊ दे, पण जन्मात कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत, आणि मागे राहणार काय तर हे? लोकांना अडवणारा माणूस म्हणून? मी मॅडमना फोन करून सांगितलं की दुसरा आवाज बघून ठेवा. त्यांनी त्याच नटाकडून नमुना मागवून पाठवला. नट चांगला आहे. पण तो हसतो, नाना. आधी हसतो, मग म्हणतो उद्या या. मागून तुमचा आवाज यावा म्हणून मी वळूनसुद्धा पाहिलं.

आईंनी वेगळंच केलं. शुक्रवारी दुपारी माझ्या खोलीत आल्या, तुमच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला खेळू दे." मी त्यांना तीन बटणं शिकवली. पुढे जायचं, उडी मारायची, अर्ज पुढे करायचा. त्यांनी बोटं पिठाची होती ती पुसली आणि दात-ओठ खाऊन खेळायला लागल्या. तुम्ही चष्मा पुसलात, शिक्का पडला, मुलगी सपाट, आणि तुम्ही म्हणालात, "उद्या या." आई आधी दचकल्या. मग इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "घरात कदी असं म्हनायची छाती झाली न्हाई ह्यांची," म्हणाल्या. "मी म्हनायची, हे व्हय म्हनायचे. जरा साहेब होऊ दे की त्यांना." संध्याकाळपर्यंत खेळत होत्या. त्या दिवशी आमटीला फोडणी मी दिली आणि ती करपली.

ते सगळं नितीननं बाहेरच्या खोलीतून ऐकलं. काल रविवारी सकाळी आई देवळात गेल्या होत्या. मी कपडे वाळत घालून आले तर तो माझ्या जागेवर बसलेला. म्हणाला, "कसं खेळतात ते दाखव."

त्याला काही येत नव्हतं. मी त्याला थेट सातव्या मजल्यावर नेऊन सोडलं. व्हरांडा, बाक, हलकी घंटी. तुम्ही म्हणालात, "कोन हाय? आत या." तो आत गेला आणि तिसऱ्या पावलाला शिक्क्याखाली आला. "उद्या या." पुन्हा आत. "फोटो लावल्याला न्हाई." पुन्हा. मी दारात उभी होते, हातात रिकामी बादली घेऊन. तो चुकत होता, तुम्ही बोलत होतात, तो मान हलवून पुन्हा सुरू करत होता. एकदा "ह्या टेबलाचं काम न्हाई हे" ऐकून त्याला हसू फुटलं. दहावीचा फॉर्म भरताना तो कुणा क्लार्कशी हुज्जत घालत होता आणि तुम्ही त्याला बाजूला घेऊन असंच काहीतरी म्हणाला होतात, ते त्यानं मला सांगितलं, स्क्रीनवरून नजर न काढता.

तासाभरानं त्याचा हात बसला. तुम्ही चष्म्याला हात लावलात की तो बाजूला व्हायचा, शिक्का रिकाम्या जागी आदळायचा, आणि तेवढ्यात तो अर्ज टेबलावर आपटायचा. साहेबांच्या डोक्यावर एक लाल पट्टी असते, ती त्यांची लाइफ, प्रत्येक अर्जाला ती थोडी कमी होते. ती अर्धी झाली, पाव झाली. मग अगदी नखाएवढी उरली. अजून एक अर्ज टाकला की हुकूम निघणार, तुम्ही टोपी घालून उठणार, नदी सुटणार. मी बादली खाली ठेवली.

नितीननं बटणांवरून दोन्ही हात काढून घेतले.

ती मुलगी टेबलापुढे नुसती उभी राहिली. तुम्ही चष्मा पुसलात. शिक्का पडला. तुम्ही तुमचं वाक्य बोललात आणि तुमची लाल पट्टी पुन्हा काठोकाठ भरली. तो त्या पट्टीकडे बघत राहिला.

"जिंकलं की ते बोलतात का काही?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नाही. हुकूम वाचतात आणि जातात.

"आणि हरलं की?"

हरलं की दर वेळी बोलतात.

त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "मग राहू दे आवाज," तो म्हणाला. "पण सोनाली, गेम अवघड कर."

आज सकाळी मॅडमना कळवलं आणि कामाला बसले. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, कर, मला काय घाई आहे. कोण किती फटक्यांत जाणार हे मी ठरवते, नाना, माझी नोकरीच ती आहे. तुमची लाइफ मी दुप्पट केली आहे.